तुफानवीर कोणाचा?

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे करायचे असं सरकारने ठरवलं, आणि त्याच सुमारास निंबगावच्या चंपतरावांनी आपल्या जयश्री टॉकीजमध्ये सुपरहिरोचा ॲनिमेशनपट लावायचं ठरवलं. यातला पहिला निर्णय लोकांच्या ताबडतोब ध्यानात आला. जिल्हे मोडणं आणि मांडणं हे सरकारचं नेहमीचंच काम आहे. पण ज्यात हाडामांसाचा हिरोच नाही असा पिक्चर तिकीट काढून बघायचा, हे काही केल्या कुणाच्या गळी उतरेना.

निंबगाव हे इचोड्याच्या अलीकडे, हैदराबाद-नागपूर रस्त्याला खेटून बसलेलं गाव. कापसाचं जिनिंग, चार ढाबे, भाजीबाजार, आणि रस्त्याकडे तोंड करून उभी असलेली जयश्री टॉकीज. टॉकीजची तब्येत अलीकडे बरी नव्हती. दुपारच्या खेळाला माणसांपेक्षा पंखे जास्त असत, आणि पंखेही सगळे फिरत नसत. चंपतरावांची बायको देवकाबाई, आणि तिचा भाऊ बाबाराव मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात. त्याचं म्हणणं सरळ होतं. पडदा काढा, तिथे स्टेज बांधा आणि टॉकीजचा फंक्शन हॉल करा.

"भाऊजी, पिच्चर लोक मोबाईलवर पाहू शकतेत. लगन नाई करू शकत मोबाईलवर," तो म्हणे.

देवकाबाईंना हे पटलेलं होतं. अखेर घरात असा तह झाला, की दसऱ्यापर्यंत चंपतरावांनी टॉकीज एकदा तरी गच्च भरून दाखवावी. भरली तर पडदा राहील. नाही भरली तर पडदा उतरेल आणि बाबारावच्या झुंबरांना जागा होईल.

चंपतरावांचा त्या पडद्यावर फार जीव होता. अंधार होऊन पडद्यावर पहिला उजेड पडला, की या वयातही त्यांच्या छातीत काहीतरी हलत असे. हे ते कुणाला सांगत नसत, कारण सांगितलं की लोक बीपी तपासून घ्यायला सांगत.

अशा वेळी नागपूरच्या एका वितरकाने त्यांना 'तुफानवीर' देऊ केला. वितरक शिकलेला होता, म्हणून त्याने पिक्चरच्या आधी भवितव्य सांगितलं. "चंपतराव, पुढचा जमाना ॲनिमेटेड सुपरहिरोचा आहे. हा हिरो म्हातारा होत नाही. याच्या तारखा अडत नाहीत. मानधन वाढवून मागत नाही, सेटवर उशिरा येत नाही आणि पुढेमागे निवडणुकीला उभा राहील अशीही भीती नाही. थिएटरला वाचवणार असेल तर हाच वाचवणार."

चंपतरावांनी तो आधी एकट्याने बघितला, भर दुपारी, रिकाम्या टॉकीजात. पोरासोरांचं काहीतरी असेल अशा समजुतीने ते पाय पसरून बसले होते. हळूहळू पाय आखडले. पिक्चरमधला तुफानवीर तोंडावर मुखवटा लावून सगळं शहर वाचवतो. शहर त्याला डोक्यावर घ्यायला निघतं, तर तो एका बोळात शिरतो, मुखवटा काढून खिशात घालतो आणि बसच्या रांगेत जाऊन उभा राहतो. रांगेतली एक म्हातारी त्यालाच म्हणते, बाबा, जरा सरक. आणि तो सरकतो. एवढंच. पण चंपतरावांना रडू आलं. एखादा अश्रू वगैरे नाही, ते रुमाल काढून चांगले रडले. आपलं गाव हा पिक्चर डोक्यावर घेईल, याविषयी त्यांच्या मनात शंका उरली नाही.

पोस्टरं लागली. लोक थांबून बघू लागले, आणि बघून झाल्यावर एकच विचारू लागले.

"कोनाचा पिच्चर लावला, चंपतराव?"

"तुफानवीर."

"थे नाव झालं. कोनाचा हाय?"

या भागात पिक्चर हा कोणाचा तरी असतो. अमक्याच्या मुलाचा असतो, तमक्याच्या पुतण्याचा असतो, नाहीतर दोघांच्याही जावयाचा असतो. कोणाचा ते कळलं, की तो चालवायचा का पाडायचा हे ठरवता येतं. गोष्ट काय आहे हे मागाहून कळतं, आणि पिक्चर बघूनही नाही कळलं तरी कुणाचं अडत नाही.

"कोनाचाच नाई गा," चंपतराव उत्साहाने सांगू लागत, "कम्प्युटरवर काढला हाय. पन गोष्ट अशी हाय का, शेवटी तो—"

"कोनाचाच नाई?" समोरचा माणूस एक पाऊल मागे सरके. बेवारस सामानाला हात लावू नये, ही सूचना त्याने बसस्टँडवर वाचलेली असे.

टॉकीजचा ऑपरेटर डोमाजी. प्रसंगी तिकीट तोच फाडी, झाडू तोच मारी. त्याने मालकांना रोगाचं निदान सांगितलं. "मालक, पैला शो फ्यान लोकायचा रायते. कटाऊट लागते, त्याच्यावर दूध वतते, फटाके फुटते, मंग पब्लिक येते. ह्याले तं फ्यानच नाईत. मंग पैला शो कोनाचा, अन् दुसरा कशाचा?"

बोलणं बिनतोड होतं. चंपतराव पोस्टरची सुरळी काखेत मारून अमृतरावांकडे गेले.

अमृतराव म्हणजे निंबगावातल्या फॅन्स असोसिएशनचे कायम अध्यक्ष. हिरो येत आणि जात, अध्यक्ष बदलत नसे. कटआउटवर दुधाचा अभिषेक त्यांच्याच हाताने होई, आणि दूधही त्यांच्याच डेअरीचं असे. त्यांनी पोस्टर टेबलावर पसरलं, चष्मा लावला आणि एखाद्या मुलीला स्थळ आल्यासारखी चौकशी सुरू केली.

"बाप कोन ह्याचा?"

"बाप नाई."

"वारला?"

"नव्हताच, जी. चित्र हाय थे."

अमृतरावांनी पोस्टर उलटं करून पाठीमागे बघितलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. "बरं. समाज?"

"समाजबी नाई."

"असं कसं बोलता, चंपतराव? बिनसमाजाचा मानूस असते का? मानूस सोडा, आमच्या गल्लीतल्या बोअरिंगलेबी समाज हाय. अन् हे तोंडाले काय बांधलं त्यानं?"

"मुखवटा. म्हंजे हा कोन हाय हे कोनाले कळू नये म्हून. तीच तं खरी गोष्ट हाय. शेवटी तो बसच्या रांगेत—"

"कळू नये?" अमृतरावांनी चष्मा काढला. "जो आपून कोन हाय हे सांगत नाई, त्याच्या डोस्क्यावर आमी दूध वतावं? उद्या भलताच निंगाला तं? वतलेलं दूध वापस घेता येते का?"

चंपतरावांना दसरा दिसत होता. बाबारावची झुंबरं दिसत होती. माणूस अडला की बोलू नये ते बोलून जातो, तसे ते बोलून गेले. "तसा... आपल्याच भागातला समजा."

अमृतरावांचा चहाचा कप अर्ध्यावर थांबला. "मंग आदी काऊन नाई सांगतलं?"

'आपल्या भागातला' या शब्दाला त्या दिवसांत भलताच भाव आला होता. जिल्हे वाढणार म्हणजे मंडलं, म्हणजे तिकडचे छोटे तालुके, तीही वाढणार, आणि मंडल झालं की तहसील येणार, पोलीस ठाणं येणार, बँक येणार. म्हणून प्रत्येक गाव मंडल मागत होतं. मागायचं तर गावाचं मोठेपण दाखवावं लागे. एका गावाने आपला माजी आमदार पुढे केला होता, दुसऱ्याने पहिलवान, तिसऱ्याने पाण्यावर चालणारे महाराज. निंबगावने आजवर एकही थोर पुरुष दिला नव्हता. माणसं दिली होती, पण ती हैदराबादला जाऊन नोकरीला लागली आणि तिथेच फ्लॅट घेऊन राहिली. गावाची ही अडचण अमृतरावांना फार दिवस डाचत होती.

दुसऱ्याच दिवशी टॉकीजसमोर कटआउट उभं राहिलं. टॉकीजच्या पत्र्याहून उंच. पायाशी बोर्ड होता, 'निंबगावचे सुपुत्र तुफानवीर यांचे हार्दिक स्वागत', आणि त्याखाली अधिक मोठ्या अक्षरांत, 'निंबगाव मंडल झालंच पाहिजे'. ढोल वाजले. अमृतराव शिडीवर चढले आणि कॅन कलंडून त्यांनी तुफानवीराच्या मस्तकावर दूध ओतलं. मुखवट्यावरून ओघळून ते खालच्या गर्दीवर आलं तसा जल्लोष झाला. गर्दी थेट हायवेपर्यंत गेली होती, ट्रकवाले खाली उतरून मोबाईलवर फोटो काढत होते. चंपतरावांना भरून आलं. त्यांनी डोमाजीला डोळ्याने खूण केली आणि डोमाजीने तिकिटाची खिडकी उघडली.

दूध संपलं. भाषणं झाली. आणि गर्दी घरी जायला लागली.

"अमृतराव, आत चाला ना. शो सुरू होऊन राह्यला," चंपतराव धावत त्यांच्या मागे गेले.

"आता आपलाच पोरगा हाय म्हनल्यावर तिकीट कशाले?" अमृतराव ओले हात धोतराला पुसत म्हणाले. "घरच्या मानसाले कोनी तिकीट काढून पाह्यते का?"

"मंग फुकट चाला. सगळ्यायलेच घेऊन चाला."

अमृतरावांचा चेहरा उतरला. "फुकट? गावच्या सुपुत्राचा पिच्चर तुमी फुकट दाखवता? काई इज्जत ठेवता का नाई पोराची?"

तिकीट काढणं परकेपणाचं होतं आणि फुकट बघणं अपमानाचं होतं. मधला मार्ग न बघण्याचा होता, आणि गावाने एकमताने तो पत्करला. आत तुफानवीराने शहर वाचवलं, मुखवटा काढला, म्हातारीला जागा दिली. डोमाजी मशीनजवळ बसून कापूस वेचायला गेलेल्या बायकोला फोन करत होता.

तरी चंपतरावांनी आशा सोडली नाही. गावाने हिरो आपला म्हटला आहे, आज ना उद्या कुतूहल वाटेलच, असा त्यांचा हिशेब होता. कुतूहल वाटलंही. पण ते असं वाटलं, की आपला म्हणजे नेमका कोणाचा?

खालच्या वेशीतले भगवानराव हे नुकतेच एका दुसऱ्या असोसिएशनचे अध्यक्ष झाले होते. अध्यक्ष आधी झाले, असोसिएशन मागून झाली. त्यांनी चावडीवर जाहीरच विचारलं, "सुपुत्र गावाचा हाय तं पैलं दूध अमृतरावाच्याच हातून काऊन? त्यायच्या समाजाचा हाय का तो? पाहा तो उभा कसा हाय थे. छाती काढून. अन्यायावर चालून जाते. हे रगत कोनाचं हाय, आमाले सांगाची गरज नाई."

भगवानरावांचं कटआउट पहिल्याच्या बाजूला उभं राहिलं, त्याच्याहून वीतभर उंच. मग तिसरी असोसिएशन निघाली. तिचं म्हणणं होतं, की पोस्टरवर हिरोचं नाव खाली आणि बारीक अक्षरात छापलं आहे. पिढ्यानपिढ्या असं डावललं जाणं कोणाच्या वाट्याला आलंय हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे, तेव्हा तो आमचाच. चौथ्यांनी तो उडतो यावरून दावा सांगितला. दावा काय होता हे त्यांना नीट मांडता आलं नाही, पण त्यांचं कटआउट सगळ्यांत उंच होतं. टॉकीजच्या दर्शनी बाजूला आता एवढे तुफानवीर उभे होते, की मधून आत जायची वाट आडवं होऊन शोधावी लागे. दुधाचा भाव वाढला. यांतल्या एकानेही पिक्चर बघितलेला नव्हता.

"अरे बापाहो, एकडाव आत येऊन पाहा तं खरं," चंपतराव चारी अध्यक्षांच्या हातापाया पडले. "तो कोनाचाच नाई, हेच तं सांगून राह्यला तो! शेवटी बसच्या रांगेत—"

"पाहू ना," भगवानराव म्हणाले. "पन इंटरवलमंदी त्यानं मुखवटा काढला पायजे. चौघायच्या समोर. मंग पाहू."

प्रकरण गिरदावरांच्या कानावर गेलं. गिरदावर म्हणजे महसुलातले साहेबांचे कान आणि डोळे. त्यांनी शांततेला धोका असल्याचा अहवाल दिला, आणि तहसीलदारांनी सुनावणी लावली. साहेब वरंगलकडचे. मराठी त्यांना कळे, पण ते हिंदीत विचारत आणि तेलुगूत वैतागत. कार्यालयाची स्थिती नाजूक होती. अर्धं सामान नव्या जिल्ह्याला जायचं म्हणून बांधून ठेवलेलं, अर्धं कर्मचारी मंडळ कुठे जायचं या काळजीत, आणि साहेब स्वतःची खुर्ची बांधलेल्या सामानात गेल्यामुळे पंख्याच्या खोक्यावर बसलेले.

"तुफानवीर हाजिर है?" साहेबांनी विचारलं.

चंपतराव उठले. "सायेब, वो चित्र है. कम्प्युटर पे निकाला हुआ. आदमी नही है."

"नोटीस गया था ना?"

गिरदावर म्हणाले, "जी हां सायेब. कटाऊट के पाँव पे चिपकाया. चारों के."

"तो बजावणी पूरी हो गयी," साहेब म्हणाले. "गैरहाजिर लिखो."

मग चारी बाजूंचं म्हणणं ऐकून घेण्यात आलं. प्रत्येक अध्यक्षाने आपापली छाती, नाक आणि कपाळ दाखवून तुफानवीराशी असलेलं साम्य सिद्ध केलं. चंपतरावांनी परत एकदा गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. ती विषयाला धरून नसल्याने थांबवण्यात आली. साहेबांनी मुखवट्याकडे बराच वेळ बघितलं आणि त्यांची मुद्रा गंभीर झाली. मनुष्य ओळख लपवतो, रहिवासाचा दाखला देत नाही, नोटीस मिळूनही येत नाही, आणि हवेतून जात असल्यामुळे तो नेमका कोणत्या मंडलाच्या हद्दीत असतो हे सांगता येत नाही. तेही नेमकं हद्दी ठरत असताना. हे योगायोगाने घडलं असावं असं त्यांना वाटलं नाही.

हुकूम झाला. सदर इसमाची ओळख, समाज आणि मूळ गाव निश्चित होईपर्यंत त्याचं जाहीर प्रदर्शन करू नये. तोपर्यंत इतर कर्मचाऱ्यांप्रमाणे त्यालाही तात्पुरतं नव्या जिल्ह्यात, म्हणजे मंचेरियलला, वर्ग करण्यात येत आहे. तिथे जागा रिकामी आहे, शिवाय रेल्वे स्टेशन असल्याने त्याला येण्याजाण्याची सोय होईल.

या हुकुमाने जे कोणाला साधलं नव्हतं ते साधलं. चारी असोसिएशन एक झाल्या. आपल्या पोराला परस्पर मंचेरियलच्या कोळसा खाणींकडे पाठवतात म्हणजे काय? त्याच दुपारी 'निंबगाव बंद' पुकारला गेला आणि लोक हायवेवर बसले. चारी कटआउटं रस्त्यावर आडवी निजवण्यात आली. इचोड्यापर्यंत ट्रकांची रांग लागली. 'तुफानवीराची बदली रद्द करा' अशा घोषणा सुरू झाल्या. काही बायकांना तर खरंच रडू आलं. त्यांतल्या एकीने सांगितलं, की त्याची आई किती वाट बघत असेल हे मनात येऊन तिला राहवलं नाही.

चंपतराव टॉकीजच्या पायरीवर बसून हे बघत होते. बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं, की अडकलेल्या ट्रकांचे ड्रायव्हर आणि क्लीनर सावली शोधत हिंडताहेत. पंजाबातले, तामिळनाडूकडचे, नागपूरचे. कोणाचा कोणाशी संबंध नाही आणि रस्ता मोकळा होईपर्यंत कोणाला काही काम नाही. चंपतराव ताडकन उठले. "चलो भाई, अंदर बैठो. पंखा है, पिक्चर है!" ते एकेका ट्रकाजवळ जाऊन सांगू लागले. हुकुमाची आठवण त्यांना राहिली नाही, किंवा राहिली आणि त्यांनी तिला गप्प बसवलं. ड्रायव्हर आत जाऊन बसू लागले. हिरो कोणाचा, असं त्यांच्यापैकी एकानेही विचारलं नाही. कूलर आहे का, एवढंच विचारलं. डोमाजीने दिवे मालवले. खुर्च्या जवळजवळ भरत आल्या होत्या. पडद्यावर पहिला उजेड पडला आणि चंपतरावांच्या छातीत ते नेहमीचं हललं, या वेळी जरा जोरात.

तेवढ्यात अमृतराव आणि भगवानराव आत शिरले. पिक्चर बघायला नव्हे.

"चंपतराव! त्याच्याचसाठी आमी तिकडं उन्हात डांबरावर बसलो, अन् तुमी त्याचाच खेळ लावता?" अमृतराव ओरडले. "गाव बंद हाय ना? शटर पाडा!"

"अन् ह्या परमुलखाच्या लोकायले दाखवता?" भगवानराव म्हणाले. "आमी अजून पाह्यला नाई, अन् हे पाहून जातीन?"

"तं मंग तुमी पाहा ना," चंपतराव कळवळून म्हणाले. "बसा इथं. माह्या शेजारी बसा. पाच मिनिटं पाहा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. चंपतरावांच्या एका बाजूला कोणी बसायचं आणि दुसऱ्या बाजूला कोणी, मान कुठल्या खुर्चीला जास्त, असा प्रश्न त्या दोघांच्या डोळ्यांत क्षणभर उभा राहिला. मग अमृतराव स्वतः जाऊन मेन स्विच पाडून आले. ड्रायव्हर उठून परत ट्रकाखालच्या सावलीत गेले.

शेवटी तसफिया, म्हणजे तडजोड झाली. सरकारला रस्ता मोकळा हवा होता आणि गावाला मान हवा होता. मंडल देता येत नव्हतं, कारण ते पाण्यावर चालणाऱ्या महाराजांच्या गावाला देऊन झालं होतं. तेव्हा असं ठरलं, की तुफानवीराची बदली रद्द समजावी आणि त्याचा पूर्णाकृती पुतळा निंबगावात सरकारी परवानगीने बसवावा. मुखवट्यासह, कारण चेहऱ्यावर एकमत होण्याची शक्यता नव्हती. जागा सोयीची म्हणून टॉकीजचं मुख्य दार निवडण्यात आलं. दसऱ्याला चार जिल्हे अस्तित्वात आले आणि त्याच दिवशी चौथऱ्याचं भूमिपूजन झालं. चौथरा एवढा ऐसपैस झाला, की टॉकीजचं दार उघडायचं म्हटलं तर अर्धंच उघडे. पिक्चर लावण्यावरची बंदी तेवढी कायम राहिली, कारण ओळख अद्याप निश्चित व्हायची होती.

पडदा उतरवायला बाबाराव स्वतः आला. त्याने तो घडी घालून व्यवस्थित बांधला. मंडपाचं कापड बांधायची त्याला सवय होती. चंपतराव तिथे थांबले नाहीत. मागच्या भिंतीला नवं दार पाडलं, स्टेज झालं, झुंबरं लागली, आणि जयश्री टॉकीजचा जयश्री फंक्शन हॉल झाला.

वितरकाचा एकदा फोन आला. "काय चंपतराव, तुमच्याकडे ॲनिमेटेड सुपरहिरोला भवितव्य कसं काय वाटतं?"

"भवितव्य चांगलं हाय," चंपतराव म्हणाले. "पुतळा हाय त्याचा आमच्या इथं. फक्त पुढच्या टाइमाले हिरो काढसान तं आदी त्याचं आडनाव काढा. चित्र मंग काढा. नाई काढलं तरी चालते."

फंक्शन हॉलमधला पहिला कार्यक्रम अमृतरावांनीच घेतला. त्यांच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा. तामसीपासून, थेट यवतमाळपासून माणसं आली. खुर्च्या पुरेनात, बाबारावने वरून आणखी मागवल्या, त्याही पुरेनात. लोक भिंतींना टेकून उभे, मागच्या दारात गर्दी, बाहेर गर्दी. स्टेजवर एकेक मुलगा यायचा, नाव सांगायचा, गाव सांगायचा, बापाचं नाव, मामाचं गाव, कूळ सांगायचा, आणि हजारो डोळे त्याच्यावर खिळलेले असायचे. मध्ये कोणी उठून गेलं नाही. पुढच्या तारखा भगवानरावांच्या आणि उरलेल्या समाजांच्या होत्या, सगळ्या आगाऊ भरलेल्या. आयुष्यभर ज्या गर्दीची चंपतराव वाट बघत होते ती अशी आली. जिथे पडदा होता त्या जागेकडे बघत ते शेवटपर्यंत मागे उभे राहिले.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर देवकाबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. नवरा दिवसभर जेवला नाही हे त्यांनी बघितलं होतं. "अवो, एक विचारू का? एवढं रामायन झालं, पन मले कोनी सांगतलंच नाई. थो पिच्चर व्हता तरी कसा?"

चंपतरावांचा विश्वास बसेना. इतक्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. ते घाईघाईने, पण काही सुटू नये अशा बेताने सांगू लागले. शहर कसं संकटात येतं, तो कसा येतो, लोक कसे त्याला शोधत हिंडतात, आणि तो कसा गल्लीत शिरून मुखवटा खिशात घालतो, बसच्या रांगेत उभा राहतो, आणि म्हातारी त्याला सरक म्हणते. देवकाबाईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. त्यांनी पदर डोळ्याला लावला. चंपतरावांना वाटलं, भरली. टॉकीज एका माणसाने भरली.

"चांगला व्हता," देवकाबाई म्हणाल्या. मग आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, "पन मले एकटीले सांगा, मी नाई सांगत कोनाले. थो व्हता कोनाचा?"

चंपतराव उठले आणि झुंबरांचे दिवे मालवायला गेले.

गोष्ट संपली. चंपतराव, बाबाराव, अमृतराव, भगवानराव, डोमाजी, यांतल्या कोणाचंही आडनाव आम्ही दिलेलं नाही. गोष्टीत त्याची कुठे गरजही पडली नाही. तरी वाचताना मधूनमधून तुमच्या मनात येऊन गेलंच असेल, की तेवढं एक कळलं असतं, तर नेमकी कोणाची बाजू घ्यायची ते सोपं झालं असतं.